नॅसवरचे कानबाईचे व्हिडिओ सासूबाईंच्या टीव्हीवर कधी दिसतात, कधी गायब होतात

बोरीकाठ

नमस्कार. मी अमळनेरची. शाळेत गणित शिकवते, कॉम्प्युटरचं काम पडेल तेवढंच येतं. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला उलट विचारायला लागणार नाही.

आमच्या घराचा पुढचा भाग जुना, धाब्याचा. मातीच्या भिंती, दीड-दोन हात जाड. मागे नंतर स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या. इंटरनेटची फायबर मागून येते, म्हणून राउटर मागच्या खोलीत आणि नॅसही तिथेच. नॅस म्हणजे घरातल्या फोन-टीव्हीला नेटवर्कवरून फाईल देणारी दोन डिस्कची पेटी, एका डिस्कवरचं सगळं दुसरीवर आपोआप उतरतं. मागच्या दिवाळीत पुतण्याने बसवून दिली. तो आता नोकरीला बाहेरगावी आहे, फोनवर किती विचारणार.

सासूबाई पुढच्या खोलीत असतात. उन्हाळ्यात धाब्याखाली गार असतं आणि ती खोली त्या सोडत नाहीत. वय ८१. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, मोबाइलवर त्यांना काही दिसत नाही. टीव्ही ४३ इंची आहे, तो त्यांच्याच खोलीत. तिथे वायफाय पोचत नव्हतं म्हणून इंटरनेटवाल्याने मागून केबल ओढून पुढे दुसरा राउटर लावून दिला.

आता अडचण. आमचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणायचे, त्यांच्याकडे छोट्या कॅसेटचा व्हिडिओ कॅमेरा होता. मिनी डीव्ही. २००२ पासून घरातलं सगळं त्यांनी त्यात घेतलंय. कानबाईचे (ही आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी) रोट, रात्रभरचं जागरण, सोमवारी सकाळी बोरीवर विसर्जन, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अंगणातल्या निंबाला बांधलेला झोका, नणंदांच्या मुलांची जावळं. एकूण २२ कॅसेट. आबांनीच त्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या. आबा जाऊन सहा वर्षं झाली. कॅमेरा आता सुरूच होत नाही.

१. टीव्हीच्या सोर्सच्या यादीत नॅसचं नाव कधी येतं, कधी चार-चार दिवस येतच नाही. नॅस चालू असते, माझ्या फोनवर मागच्या खोलीत सगळं दिसतं.

२. नाव आलं आणि व्हिडिओ लावला तर अर्ध्या मिनिटाने अडकतो. गोल फिरत राहतं. त्याच टीव्हीवर यूट्यूब मात्र झकास चालतं.

३. आबांच्या मूळ फाईल टीव्ही उघडतच नाही, फॉरमॅट चालत नाही असं म्हणतो. म्हणून मी गावातल्या एका दुकानात देऊन सगळ्या एमपी४ करून आणल्या. चित्र आलं, पण २२ पैकी एकीलाही आवाज नाही. दुकानदार म्हणाला, मूळ फाईललाच आवाज नाहीये, ताई. मी मान्य केलं आणि घरी आले.

या आखाजीला तिन्ही नणंदा आल्या होत्या. सगळ्या टीव्हीपुढे बसल्या आणि नेमकं नॅसचं नाव यादीतून गेलेलं. मला फार वाईट वाटलं. सासूबाई म्हणाल्या, राहू दे. श्रावणात कानबाई बसायच्या आत हे मला नीट करायचंय. नवीन नॅस घ्यावी का? का टीव्हीच बदलावा?

गिरणा_पंप

ताई, टीव्हीला एक अँड्रॉइड बॉक्स लावा, त्यात व्हीएलसी नाहीतर कोडी हे व्हिडिओ प्लेअर टाका. टीव्हीचे स्वतःचे प्लेअर असेच असतात. आमच्याकडे पाचोऱ्याला दोन वर्षं हेच चाललंय.

तापीवरचा_वायरमन

बॉक्स वाईट नाही, पण आत्ता घेऊ नका. दुखणं दुसरीकडे आहे. ताई, नॅसही बदलू नका आणि टीव्हीही नाही. मी जळगावात नेटवर्कचीच कामं करतो. तुमचे पहिले दोन प्रश्न दोन नाहीत, एकच आहे.

दुसरा राउटर, जाड भिंत, यूट्यूब चालतं पण नॅस दिसत नाही. एवढ्यावरून मला जवळजवळ खात्री आहे. आधी एक काम करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची स्थिती उघडा, तिथे आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, दिसेल. नॅसचा पत्ता तिच्या सेटिंगमध्ये बघा. दोन्हींचे टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे ताडून पाहा. माझा अंदाज असा की एक १९२.१६८.१ वाला असेल आणि दुसरा १९२.१६८.० वाला.

असं का होतं ते सांगतो, म्हणजे पुढे कुणीही काही करून गेलं तरी तुम्हाला कळेल. इंटरनेटवाल्याने दुसरा राउटर राउटर म्हणूनच चालू ठेवलाय. त्याने पुढच्या खोलीत वेगळं नेटवर्क उभं केलं. एका घरात दोन घरं झाली. टीव्ही नॅसला शोधतो ती पद्धत म्हणजे हाक मारणं. २३९.२५५.२५५.२५० हा सगळ्यांसाठीचा ठरलेला पत्ता आहे, १९०० नंबरच्या पोर्टवर त्या पत्त्याला हाक जाते, की कोणी मीडिया सर्व्हर आहे का. ज्याच्याकडे आहे तो ओ देतो. ही हाक राउटर ओलांडत नाही. एका वाड्यात मारलेली हाक त्याच वाड्यात. यूट्यूबसाठी टीव्हीला बाहेर जायचं असतं, ती वाट दोन्ही राउटरमधून उघडी आहे, म्हणून ते चालतं.

मग कधी कधी नाव येतं ते कसं? टीव्हीत दोन्ही वायफायचे पासवर्ड साठवलेले असणार. लाईट जाऊन आली की जे आधी सापडेल त्याला टीव्ही चिकटतो. मागच्या राउटरला चिकटला की नॅस दिसते, पण मधे तुमची दीड-दोन हात मातीची भिंत, त्यामुळे सिग्नल मरतुकडा आणि व्हिडिओ अडकतो. पुढच्या राउटरला चिकटला की सिग्नल फुल, पण नॅस दिसत नाही. तुमची दोन्ही लक्षणं यात बसतात.

उपाय फुकट आहे. पुढच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय पुढे देणं, आहे का बघा. असला तर तो निवडा, बाकीचं तो स्वतः करतो. नसला तर हाताने करायचं. त्या राउटरचा स्वतःचा पत्ता मागच्या राउटरच्या रांगेतला पण वेगळा द्या, समजा शेवटी २. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणं, बंद करा. आणि मागून येणारी केबल वॅन लिहिलेल्या भोकातून काढून लॅनच्या कुठल्याही भोकात घाला. क्रम हाच ठेवा. केबल आधी हलवली तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतील आणि सगळ्यांचाच गोंधळ होईल.

पुढचा राउटर टीव्हीपासून किती लांब आहे? त्याच खोलीत असेल तर दोन-तीन मीटरची केबल आणून टीव्ही सरळ त्यालाच जोडा आणि टीव्हीतली दोन्ही वायफाय विसरायला लावा. बऱ्याच टीव्हींचं केबलचं भोक १०० एमबीपीएसचंच असतं, त्यावरून काही लोक घाबरवतात. तुमच्या व्हिडिओंना १० सुद्धा लागत नाहीत.

आवाजाचं मला कळत नाही, ते दुसरं कोणी सांगेल.

बोरीकाठ

दादा, टीव्ही १९२.१६८.०.१०४ आणि नॅस १९२.१६८.१.२०. तुम्ही लिहिलं तसंच निघालं. आमच्या पुढच्या राउटरमध्ये तो मोड नाहीये, म्हणून रविवारी हातानेच करते. केबल भिंतीतून नाही, खिडकीच्या चौकटीतून आली आहे, भोक पाडायची गरज नाही. राउटर टीव्हीच्या शेजारच्या कोनाड्यातच आहे.

भुसावळ_४५

विषयाला थोडं सोडून, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ताई, ती नॅस ठेवली कुठे आहे? कपाटात? आणि डिस्कचं तापमान किती दाखवते? नॅसच्या सेटिंगमध्ये प्रत्येक डिस्कसमोर ते लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं, स्लॅबच्या खोलीत दुपारी त्याहून बरं नसतं. डिस्क खोलीपेक्षा पाच-दहा अंशांनी तरी जास्तच तापते. ६०-६५ ही बहुतेक डिस्कची वरची मर्यादा, पण तिथपर्यंत जाऊच द्यायचं नाही. माझी एक डिस्क लाकडी शोकेसमध्ये काचेआड ठेवली होती, ती दुसऱ्या उन्हाळ्यात गेली. त्यात मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो होते. काही बहिणीकडे मिळाले, बाकीचे गेले.

बोरीकाठ

धूळ बसते म्हणून लाकडी कपाटात दार लावून ठेवली होती. आत्ता बघून आले. एक ५६, एक ५८. दार उघडून आले.

भुसावळ_४५

आजच बाहेर काढा. सगळ्यात चांगलं म्हणजे सासूबाईंच्या धाब्याच्या खोलीत न्या. आता पुढे केबल आहेच, पुढच्या राउटरलाच नॅस जोडता येईल. मातीच्या भिंतीने वायफाय अडवलं, पण डिस्कला तीच भिंत सांभाळेल. पंख्याची जाळी आठवड्याला मऊ ब्रशने झाडा. कूलरसमोर ठेवू नका, ओली हवा सर्किटवर बसते. चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा.

लाईटचं काय? नॅसला यूपीएस हवाच, आणि यूएसबी तारेने नॅसशी बोलणारा हवा, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतः नीट बंद होते. राउटरसाठी जे छोटे १२ व्होल्टचे मिळतात त्यावर चालवू नका. दोन डिस्क एकदम फिरायला लागतात तेव्हा त्यांना ते पुरत नाहीत.

आणि दोन डिस्कवर एकच माल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एकीवरून चुकून पुसलं तर दुसरीवरून त्याच क्षणी पुसलं जातं. वीज कोसळली तर दोन्ही एकाच पेटीत. तिसरी प्रत वेगळ्या घरात, वेगळ्या गावात ठेवा. २२ कॅसेटचं कितीसं होतं?

फितीवाला

एक कॅसेट तासाची धरली तर तासाला साधारण १३ जीबी. २२ तासांचे २८६. ५०० जीबीच्या जुन्या पोर्टेबल डिस्कवर आरामात मावेल.

आता आवाजाबद्दल, मी याच्यासाठीच आलो. मी धुळ्याला लग्नाचं शूटिंग करायचो, मिनी डीव्हीच्या काळात. ताई, आवाज आहे. दुकानदाराचा खोटेपणा नाही, त्याच्या सॉफ्टवेअरला तो दिसला नाही एवढंच.

कॅमेऱ्यातून फायरवायर नावाच्या तारेने कॉम्प्युटरवर उतरवलेली डीव्ही फाईल दोन प्रकारची असते. टाइप १ मध्ये चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात गुंफलेले असतात, कॅमेऱ्याने फितीवर लिहिले तसेच. टाइप २ मध्ये आवाजाची वेगळी पट्टीही लिहिलेली असते. दोन्हींच्या नावापुढे एव्हीआयच, बाहेरून फरक कळत नाही. विंडोजच्या जुन्या मूव्ही मेकरने उतरवलेली फाईल टाइप १. जुन्या पद्धतीचे कन्व्हर्टर वेगळी पट्टी शोधतात, ती सापडत नाही, आणि म्हणतात आवाज नाही. चित्र तेवढं करून देतात.

लॅपटॉपवर व्हीएलसी टाका आणि आबांची मूळ एव्हीआय, दुकानातली नाही, त्यात लावा. मला निरोप द्या.

बोरीकाठ

आहे.

७ नंबरची लावली. आवाज आहे. बाकी उद्या लिहिते.

फितीवाला

छान झालं, ताई.

सवडीने पुढचं. बहुतेक टीव्हींना डीव्ही हा प्रकार येत नाही, त्यामुळे रूपांतर करावंच लागेल. नॅसवर जेलीफिन किंवा प्लेक्स हे मीडिया सर्व्हर टाकून चालता चालता रूपांतर करा असं कोणी सांगेल. चांगल्या प्रोसेसरच्या नॅसवर ते होतं, छोट्या दोन डिस्कच्या पेट्यांना बहुतेक झेपत नाही, पुन्हा गोल फिरत बसेल. एकदाच करून ठेवा, मग साधं डीएलएनए, म्हणजे टीव्ही नॅसवरच्या फाईल स्वतः शोधून लावतो ती पद्धत, तेही पुरतं. सोनी आणि इंटेलने पुढाकार घेऊन २००३ ला ते सुरू केलं, चालवणारी संस्था २०१७ ला बंद झाली, पण टीव्हीत ते अजून असतं आणि एवढ्या कामाला उत्तम आहे.

हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी. चित्राचा आकार ७२० बाय ५७६ तसाच राहू द्या, मोठा करून काही मिळत नाही. रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ ठेवा, नाहीतर सगळी माणसं जाडी दिसतील. एक गोष्ट दुकानवाले हमखास विसरतात, डीइंटरलेस. हा कॅमेरा एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत लिहितो, आधी एका आड एक ओळी, मग उरलेल्या. तसंच ठेवलं तर हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. तुमच्या दुकानातल्या फाईलमध्ये झोक्याचा भाग बघा, नक्की असणार. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू करून बॉब निवडा, सेकंदाला ५० फ्रेम येतील आणि झोका, फुगडी, सगळं त्या वेळी डोळ्याला दिसलं तसं सलग दिसेल. तासाची फाईल दोन-सव्वादोन जीबीची होईल.

एकच कॅसेट आधी करा, टीव्हीवर बघा, मग बाकीच्या लावा. आणि मूळ एव्हीआय कधीही पुसू नका, जागा कमी पडली तरी. कॅसेटही टाकू नका. कोरड्या डब्यात, उभ्या ठेवा.

गिरणा_पंप

माझा बॉक्सचा सल्ला घाईचा होता. आमच्याकडेही दोन राउटर आहेत, आज पत्ते बघितले, वेगळेच निघाले.

बोरीकाठ

आज पंधरा दिवसांनी लिहिते.

राउटरचं रविवारी केलं. पत्ता बदलला, डीएचसीपी बंद केलं, मग केबल हलवली, त्याच क्रमाने. नॅस पुढच्या कोनाड्यात आणली, दुपारी तीनला डिस्क ४४ आणि ४५ दाखवते. टीव्ही तारेने जोडला. नॅसचं नाव एकदाही गेलेलं नाही. फक्त बराच वेळ लावलं नसेल तर पहिली फाईल उघडायला दहा-बारा सेकंद घेते.

तापीवरचा_वायरमन

ती डिस्क झोपलेली असते, फिरायला लागायला वेळ लागतो. चालेल. टीव्हीने कंटाळून एरर दिला तर झोपायची वेळ वाढवून एक तास करा. नवीन फाईल टाकली आणि टीव्हीवर आली नाही तर मीडिया सर्व्हरला पुन्हा यादी करायला सांगा. आणि मागच्या राउटरमध्ये नॅसचा पत्ता कायमचा राखून ठेवा.

बोरीकाठ

केलं. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग मराठीत नाव असं ठेवलं, टीव्हीवर ओळीने लागतात आणि मराठी अक्षरं नीट दिसतात.

मोठ्या नणंदबाई सुरतेला असतात, त्यांना तिकडून बघायचंय. पुतण्या म्हणतो राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो.

तापीवरचा_वायरमन

नको. नॅसचं दार इंटरनेटवर सरळ उघडं ठेवलेल्यांच्या फाईलना २०२१-२२ मध्ये खंडणीवाल्यांनी कुलूप घातलं होतं. पेनड्राइव्ह भरून पाठवा. सव्वादोन जीबीची फाईल फॅट३२ या पेनड्राइव्हच्या साध्या जुन्या फॉरमॅटमध्येही बसते, तिथे एका फाईलला ४ जीबीचीच मर्यादा आहे. आणि मूळ फाईलची तिसरी प्रतही त्यांच्याकडेच ठेवा. वेगळं घर, वेगळं गाव, दोन्ही झालं.

बोरीकाठ

हे फार बरं सुचवलं. पोर्टेबल डिस्क घेतली, मूळ २२ फाईल कॉपी केल्या. पुढच्या आठवड्यात नणंदबाईंचे मिस्टर येतायत, त्यांच्याबरोबर देते.

७ नंबरच्या कॅसेटचं सांगायचं राहिलं. ती २००४ ची कानबाई आहे. सासूबाई देवी म्हणून पुजायच्या नारळाला काजळाने डोळे काढतायत. आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून. जवळून घेतलंय, त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आणि बोटाला लागलेलं काजळ स्पष्ट दिसतं. दुकानातल्या फाईलमध्ये हे मी पंचवीस वेळा बघितलं होतं, तरी मला माहीत नव्हतं की आबा पूर्ण वेळ बोलत होते. २२ कॅसेटमध्ये आबा चित्रात जेमतेम तीन ठिकाणी आहेत. कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा. बाकी सगळीकडे फक्त त्यांचा आवाज आहे.

तिचं रूपांतर झालं त्या दिवशी संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर मी ती टीव्हीवर लावली. काजळाचं बोट थांबतं आणि मागून आबा म्हणतात, "आठे दख," म्हणजे इकडे बघ. पडद्यावरच्या सासूबाई वर बघतात. खाटेवरच्या सासूबाईंनीही वर बघितलं, टीव्हीकडे नाही, दाराकडे. मग म्हणाल्या, परत लाव. चार वेळा लावली. जागरणातली बायकांची गाणी आली तेव्हा त्या बरोबर म्हणत होत्या, मला न येणारी दोन कडवीसुद्धा. ती मी वहीत उतरवून घेतली.

फितीवाला दादा, झोक्याच्या कडेच्या रेषा गेल्या. माझ्या लॅपटॉपला एका कॅसेटला पाऊण तास लागतो, म्हणून रोज रात्री एक लावून झोपते. आठ झाल्या. आज नववी लावली आहे, तिच्यावर आबांच्या अक्षरात नुसतं "बोरी, पूर" असं लिहिलंय.